जाऊबाईंनी विणलेले स्वेटर

सध्या माझ्या सुयांवर दोन कामं आहेत. एक नवऱ्याचा बिनबाह्यांचा स्वेटर, शेवाळी रंगाचा. पाठ झाली, पुढचा भाग काखेपर्यंत आलाय. दुसरी माझी स्वतःची शाल. इतकी वर्षं विणतेय, पण स्वतःसाठी टाके घालायची ही पहिलीच वेळ. गांधीबागेच्या बाजारात जाऊन अस्सल लोकर घेतली, वांगी रंगाची. दुकानदार म्हणाला, "बाई, उन्हाळा लागून राहिला अन् तुम्ही लोकर घेता?" म्हटलं, तुम्ही द्या हो. शालीनंतर लेकीसाठी सुती दोऱ्याचा टॉप करायचाय. जाऊबाईंसाठी काही नाही. या जन्मात नाही.

जाऊबाई म्हणजे माझी मोठी जाऊ. तिला विणता येत नाही. येत नाही हा काही गुन्हा नव्हे. पण मी विणलेला प्रत्येक स्वेटर तिने "मी विणला" म्हणून लोकांना दिला. मी नवी नवरी होते तेव्हा ती लोकर आणून द्यायची, "तुझा हात लई छान आहे वं" म्हणायची, आणि मी मूर्खासारखी फुगून विणून द्यायची. पुढे एका लग्नात तिच्या माहेरची एक बाई मलाच म्हणाली, "तुमच्या जाऊबाईंचा हात किती सफाईदार! शिकून घ्या थोडं." शिकून घ्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मोठी जाऊ पडली ना, गप्प बसले.

लोकांचं जाऊ द्या. मला सलत होती ती तिची लेक, माझी पुतणी. दर हिवाळ्यात तिचा स्वेटर मी विणायची, आणि ती पोरगी तो घालून आमच्या घरी यायची, गोल फिरून मलाच दाखवायची, "काकू, आईनं विणला!" त्या पोरीला तरी खरं कळावं, एवढंच मला हवं होतं.

या जानेवारीत पुतणीला मुलगा झाला. बाळ जन्मायच्या आधी आमच्याकडे त्याच्यासाठी टाके घालत नाहीत. तिसऱ्याच दिवशी जाऊबाईंचा फोन. "बारशाले स्वेटर पाह्यजे वं, पिवळा. खापरखेड्याहून विहीणबाई येऊन राहिल्या, त्याही विणतात म्हणे. जरा बारीक काम कर."

म्हटलं, करते की. बाळाला टोचू नये म्हणून सगळ्यात मऊ लोकर आणली. सगळा स्वेटर जीव लावून विणला. फक्त गळपट्टीचे टाके बंद केले नाहीत, मुद्दाम सुईवरच ठेवले, आणि बारशाच्या आदल्या दिवशी तसाच नेऊन दिला. "माझा हात दुखतो. एवढं शेवटचं तुम्ही करून घ्या." विणणारीला ते दहा मिनिटांचं काम. हिला ते जमणार नाही, ही फोन करेल, विनवण्या करेल, मग मी म्हणेन, आधी लेकीला सांगा स्वेटर कोण विणतं ते.

फोन आलाच नाही. बारशाला गेले तर स्वेटर ताटात घडी घालून ठेवलेला, आणि सुई गायब. अगं बाई! बंद न केलेले टाके सुईशिवाय टिकतात थोडेच! विहीणबाईंनी कौतुकाने स्वेटर खांद्यांना धरून उचलला, जरा ताणून पाहिला, आणि गळ्याचे टाके एकामागून एक सुटत पार छातीपर्यंत खाली आले.

"अहो, टाके बंद नाही केले?" विहीणबाईंनी विचारलं.

"कोणते टाके?" जाऊबाई म्हणाल्या. "त्यात सुई होती, ती मी काढून टाकली. बाळाले टोचली असती ना."

विहीणबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी पदर सारखा केला. खोटं कशाला बोलू, एवढा आनंद मला माझ्या लेकीच्या लग्नातही झाला नव्हता.

तो स्वेटर घेऊन मी आतल्या खोलीत पुतणीकडे गेले. म्हटलं, आता हिला सगळं सांगते. तिने स्वेटर पाहिला आणि म्हणाली, "काकू, मले माहीत आहे. आठवीत असताना माझा निळा स्वेटर तुझ्या मांडीवर अर्धा विणलेला पाहिला होता मी. चार दिवसांनी आईनं तोच दिला, मी विणला म्हणे."

"मंग बोलली काहून नाही एवढी वर्षं?"

"आईले किती वाईट वाटलं असतं," ती म्हणाली. "अन् तुले तर विणायला आवडतेच ना." मग बाळाला दुसऱ्या कुशीवर घेत म्हणाली, "एवढा नीट करून दे ना, काकू. त्याले तुझ्या हातचा पाह्यजे."

मी हो म्हटलं, पिशवीत घालून घरी आणला. दुसऱ्या दिवशी सकाळीच सुटलेले टाके उचलले, गळा पुन्हा विणला, नीट बंद केला. कुठे काही झालं होतं असं दिसतही नाही. घडी घालून माझ्याच कपाटात ठेवलाय.

पुतणी दर आठवड्याला फोन करते. "काकू, झाला का गं स्वेटर?" बाळ तीन महिन्यांचं झालं, चांगलं गुटगुटीत आहे. त्याचे हात त्या बाह्यांत आता शिरणार नाहीत, हे माझ्याइतकं कोणाला कळतं?

"होऊन राहिला बाई," मी सांगते.