पाहुण्यांसाठी झाडलेला कोपरा

माझी धाकटी बहीण शहरी वस्त्यांतल्या लहान मुलांच्या शिकण्यावर पीएच.डी. करत होती. शिष्यवृत्ती दरवर्षी नव्याने मंजूर व्हायची. दुसऱ्या वर्षी समितीने पाहणीसाठी एक प्राध्यापक पाठवले. त्यांचा शेरा प्रतिकूल आला तर काम थांबणार होते. घरून तो खर्च झेपणारा नव्हता.

पाहणी पिपरी मेघेतल्या एका अंगणवाडीत होती. मी तिला स्कूटरवर सोडले आणि तिथेच थांबलो.

वर्षभर ती तिथल्या एका कोपऱ्याजवळ बसत असे. बाटल्यांची झाकणे, तुराट्यांचे तुकडे, फुटकी फरशी असे काहीबाही तिथे साठले होते. मुले त्याचे दुकान मांडत, भाव करत, भांडत, मोजत. तिचा सगळा विषय त्या कोपऱ्यात होता.

त्या दिवशी कोपरा धुऊन काढलेला होता. साहेब येणार म्हटल्यावर इथे प्रत्येक अंगणवाडीत जे होते, तेच झाले होते. मुले तेल लावून, पावडर लावून रांगेत बसली होती.

"माया पोट्टा तं मलेच ओळखू येऊन नाई राह्यला," दारातली एक आई म्हणाली. बाया हसल्या.

"गप बसा बरं. हात जोडा," सेविका मुलांना म्हणाली.

प्राध्यापक आले. मुले नमस्ते म्हणाली, एक गाणे म्हणाली आणि गप्प झाली.

"रोज असंच असतं?" त्यांनी बहिणीला विचारले.

सेविकेच्या शेजारी तिची पर्यवेक्षिका उभी होती. मुले रोज कचऱ्यात खेळतात, हे तिच्यासमोर बोलले गेले असते तर सेविकेला नोटीस निघाली असती. बहिणीने क्षणभर कोपऱ्याकडे पाहिले.

"हो सर. शिस्तीची मुलं आहेत."

त्यांनी मान हलवली. चहा घेतला. त्यांची गाडी निघाली, पाठोपाठ पर्यवेक्षिकाही गेली.

मग सेविकेने मागच्या भिंतीआडून एक पोते ओढत आणले. "तुमचा माल, मॅडम. फेकला नाई मी." तिने ते कोपऱ्यात ओतले. रांग मोडली. दुकान लागले, भांडणही लागले.

"सायबाले आवडलं ना?" तिने विचारले.

"आवडलं, ताई."

पाहणीत विषयाचे काही दिसले नाही, असा शेरा आला. शिष्यवृत्ती पुढे मंजूर झाली नाही. बहीण आता कारंज्याला एका शाळेत शिकवते. सेविकेला तिने एवढेच सांगितले, की नोकरी लागली म्हणून येणे होत नाही. सेविकेने त्या दिवशी अंगणवाडीत पेढे वाटले.