लांबून ऐकणारा रिमोट

पाणी पिता पिता मी ग्यानबामामांच्या टीव्हीचा रिमोट रांजणात पाडला. तेव्हापासून गुडघ्यांनी बेजार झालेल्या कासामामींना दर गाण्याला उठून बटण दाबावं लागायचं.

मामा पोखर्णीचे, जन्म मेंढरांमागं गेलेला. टीव्ही, व्हीसीआर पुण्याच्या लेकानं आणून दिलेले. शेवटी मला घेऊन ते परभणीला आले. दुकानदारानं दोन्हींना चालणारे तीन रिमोट मांडले. मी सगळ्यात जास्त बटणांचा उचलला. मामांनी तो अंगठ्यानं चाचपला, बाजारात मेंढ्याचे दात बघतात तसा.

"लय दात हायेत. ह्यो खाईल, ऐकायचा न्हाई."

मग एकेक रिमोट घेऊन ते बोळाच्या पलीकडं लिंबाखाली जाऊन उभे राहिले. "लांबून ऐकतंय ते जनावर खरं." तिथून दुकानातला टीव्ही तिसऱ्यानंच लावला. तोच घेतला.

सांजेला मामा मेंढरांजवळ आडवे झाले आणि उघड्या दारातून आतली चित्रं बदलू लागले. काळ्या पाठींवर निळा, मग तांबडा उजेड सांडायचा. मेंढरंच स्वप्न बघायलीत असं वाटायचं. आत मामी पाय पसरून बसल्या होत्या.

"बदलू का गं?"

"राहू द्या. चांगलं हाय."

मी रिमोटचे पैसे पुढं केले. मामा म्हणाले, "पैसे ठेव. एक दिस माझी मेंढरं वळ. मी हिच्यापाशी बसून बघतो."

मी लगेच हो म्हणालो. मग परीक्षा आली, लग्नसराई आली. तो एक दिवस मी अजून देणं लागतो.