माऊली सॅवियोच्या हातातून आली

आध्यात्मिक अनुभव म्हटल्यावर तुम्ही सावरून बसला असाल. आता मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी येणार, कुठूनतरी आवाज येणार, निदान लाईट तरी जाणार. सॉरी हां. आमच्याकडे त्या संध्याकाळी लाईट होती, पंखा फुल स्पीडवर होता, आणि मी मरियामाऊलीला दारातूनच परत पाठवायच्या विचारात होतो.

का ते सांगतो. मी नकला करतो. आमच्या वसईतल्या गावात ज्याचा आवाज मी काढला नाही असा माणूस नाही. फादरांचा प्रवचनातला खोकलासुद्धा सोडला नाही. पप्पा गेले, त्यानंतर एकदा खोलीत एकटाच बसून मी त्यांचा आवाज काढला. ते मला जेवायला हाक मारायचे ना, तशी हाक. मीच मारत होतो आणि मीच रडत होतो. माझा लहानपणापासूनचा दोस्त सॅवियो दारात उभा होता, मला पत्ताच नाही. त्याने मोबाईलवर रेकॉर्ड करून पोरांच्या ग्रुपवर टाकलं, खाली हसणारी तोंडं. फिरत फिरत ते आईपर्यंत पोचलं. तिने फक्त टीव्हीचा आवाज वाढवला.

त्या दिवसापासून नकला बंद, सॅवियो बंद. चर्चला जायचो, पण मागच्या बाकावर, ओठ न हलवता. गोखिवऱ्याला एका कारखान्यात कामाला लागलो होतो. तिथे मशीनच्या आवाजात कोणाशी बोलावंच लागायचं नाही, तेच बरं वाटायचं. देवाला म्हणायचो, आपलं काही जमत नाही, राहू दे.

ऑक्टोबरात आमच्याकडे माऊलीची मूर्ती घरोघर फिरते. एका घरी जपमाळ झाली की दुसऱ्या संध्याकाळी त्याच घरातलं कोणीतरी तिला पुढच्या घरी पोचवतं. सॅवियोच्या आणि आमच्या मध्ये एक घर आहे, म्हणून मी निवांत होतो. पण त्या घरातले लेकीच्या बाळंतपणासाठी अचानक बोळिंजला गेले. कुलूप! अख्खी आळी गाणी म्हणत थेट आमच्या अंगणात, आणि पुढे सॅवियो, छातीशी मूर्ती धरून. घरातल्या मुलाने ती उंबऱ्यावर घ्यायची असते. माझे हात पुढेच जाईनात.

"घे ना रे," तो हळूच म्हणाला. "निसटतेय माझ्या हातातून. पडली तर फिलोमेना मावशी दोघांना जिवंत गाडेल." ही मावशी म्हणजे आमच्या जपमाळेची हेडमास्तरीण. मग आणखी हळू, "चुकलो मी. लय चुकलो."

मी मूर्ती घेतली. माफ केलं म्हणून नाही. पडेल म्हणून.

जपमाळेचं तिसरं दशक, म्हणजे दहा मण्यांचा तिसरा फेरा, आईने माझ्यावर टाकलं. ते पप्पांचं असायचं. दहा वेळा 'नमो मरिया', प्रत्येक वेळी अर्धी प्रार्थना मी म्हणायची, उरलेली सगळ्यांनी. मी तोंड उघडलं आणि पप्पांचा आवाज आला. आईशप्पथ, मी काढला नव्हता, आला. घाबरून थांबणार, तेवढ्यात मागून उत्तर आलं, सगळ्यांत मोठं सॅवियोचं, रडकं आणि बेसूर. कोणी हसलं नाही. म्हणजे आई हसत होती, डोळे मिटून, गालावर पाणी. मग मला थांबवेना. मी म्हणायचो, तो उत्तर द्यायचा, आणि मध्येच कधीतरी लक्षात आलं की मी त्याच्यावरचा राग शोधतोय आणि तो सापडतच नाहीये. इतके महिने जे मला जमलं नाही, ते माऊलीने येता येता करून टाकलं. मी फक्त हात पुढे केले होते, तेही नाइलाजाने. थँक्यू, माऊली. एवढं हलकं मला पप्पा गेल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

शेवटचं गाणं संपलं आणि फिलोमेना मावशीने सगळ्यांसमोर माझा कान धरला.

"दहा असतात रे मेल्या, दहा! हातात मनी कशाला दिलेत, खेळायला? सतरा म्हटल्यास तू! माझे गुडघे गेले! अरे, तुझा बाप पन दहावरच थांबायचा!"