उघडं दिसलेलं दार

जालन्याच्या त्या दवाखान्यात मी पहिल्यांदा पाय ठेवला तो बाबांचं ऑपरेशन झाल्यावर. पण त्याआधी महिनाभर मी तिथं रोज हिंडत होतो, बंगळूरच्या ऑफिसात खुर्चीवर बसून.

आमचं काम इमारतींचे आतले नकाशे करायचं. एक माणूस स्कॅनर घेऊन सगळ्या मजल्यांवरून चालून येतो. त्यानं टिपलेले ठिपके आमच्या पडद्यावर येतात आणि त्यांवरून आम्ही भिंती, दारं, जिने उभे करतो. मग पेशंटला मोबाईलवर वाट दिसते, अन् कोणता पाइप कुठून गेला ते दवाखान्याला कळतं. दहावीत शाळा सोडलेल्या माझ्यासारख्याला हे काम मिळालं ते ऑफिसातल्या मॅडममुळं. मी आधी त्या ऑफिसात कुरिअर पोचवायचो. त्यांनी शेजारी बसवून शिकवलं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. पण मनात धाकधूक कायम. आज चूक झाली तर? उद्या कोणी सर्टिफिकेट मागितलं तर?

जालन्याचं काम आलं तेव्हा मात्र मी धीर करून म्हणालो, हे मला द्या, आमचं बदनापूर तिथून जवळच.

त्याच दवाखान्यात बाबांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण आवाज जाईल. बाबा फाट्यावर काळी-पिवळी जीप भरायचे. ‘जालना, जालना, जालना’ अशी आरोळी दिली की हॉटेलातला माणूस चहा अर्धा टाकून पळत यायचा. घरातही तोच सूर. माय म्हणायची, “हळू बोला की. मी काय पॅसेंजर हाय का तुमची?”

मी रजा मागायला घाबरत राहिलो. आज मागू, उद्या मागू करता करता ऑपरेशनचा दिवस उजाडला. त्या सकाळी सांगितलं तर मॅडम रागावल्याच. “पागल है क्या? आज ही निकलो.” संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढतच होतो, तेवढ्यात मायचा फोन आला.

“अरे, दुपारी म्हणल्ते ना? आत्ताच नेऊन राह्यले त्यांना! मी खाली जुन्या इमारतीत औषधं घ्यायला आल्ते. मला एकदा बोलू दे रे त्यांच्यासंगं. मंग त्यांचा आवाज कुठं ऐकू येणार हाय? कुठून जाऊ?”

मी नकाशा उघडला. जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून नव्या इमारतीत जायला पूल होता, आणि पूल संपला की ऑपरेशन थिएटर. तीच सगळ्यांत जवळची वाट.

“घाबरू नको माय. समोरचा जिना दोन मजले चढ. वर आली की उजवीकडं लांब व्हरांडा दिसंल.”

“दिसून राह्यला,” वर पोचल्यावर ती म्हणाली.

“त्याच्या शेवटाला पुलाचं दार हाय. ते ओलांडलं की बाबा.”

मागून एका बाईचा आवाज आला. ती तिथं फरशी पुसत होती. “मावशी, तिकडून न्हाई जाता येत. खाली उतरा, बाहेरून जा.”

“ही बाई न्हाई म्हणून राह्यली रे.”

“तिला काय माहीत? नकाशा मी केलाय. तू चल.”

माय तिला म्हणाली, “माझ्या लेकानं केलाय हा सगळा दवाखाना.”

“मंग किल्ली बी त्यालाच मागा.”

पुढं पावलं वाजली, मग साखळी. मी तरी म्हणत होतो, ढकल, जोरानं ढकल.

स्कॅन करायच्या आधी सगळी दारं उघडून ठेवावी लागतात, नाहीतर मागची जागा नकाशात येतच नाही. हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. ते दार तेवढ्यापुरतं उघडलेलं, मी ते कायमचं उघडं धरून चाललो.

माय खाली उतरली, अंगण ओलांडून पुन्हा जिने चढली. फोन तिच्या हातात चालूच होता, तिचा दम मला ऐकू येत होता. मग नर्स म्हणाली, “आत्ताच आत घेतलं. कोणाला तरी दोनदा हाक मारली त्यांनी.”

मी मॅडमना सगळं सांगितलं. माझ्या शेजारी बसून त्यांनी ते दार नकाशात बंद केलं.

माय अजून गल्लीत सांगते, पोरानं बंगळूरहून वाट दाखवली, पण दवाखानेवाल्यानं नेमकं त्याच दिवशी कुलूप लावलं. मी तिला खरं सांगितलेलं नाही.

आता व्हिडिओ कॉलवर बाबांचे ओठ हलतात, अन् माय शेजारून सांगते, “जेवला का म्हणतेत.” ओठ बराच वेळ हलले तरी ती तेवढंच सांगते. एकदा मी विचारलं, “माय, तुला बराबर कळतं का?”

“थोडं थोडं कळतं,” ती म्हणाली. “त्या दिवशी मला कशापायी हाक मारल्ती, ते मातर अजून कळंना. इचारलं की नुसते हसतेत.”