करवंदीच्या जाळीतले भावोजी

माझ्या भावोजींना माणसाचं नाव कधी आठवलं नाही आणि झाडाचं ते कधी विसरले नाहीत. मी त्यांचा सख्खा मेहुणा, जव्हार संस्थानच्या कचेरीतला कारकून. तरी आयुष्यभर ते मला माझ्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारत. मात्र दाभोशाच्या वाटेवर एकदाच पाहिलेल्या हिरड्याची चौकशी ते येणाऱ्याजाणाऱ्याकडे करत. जंगलखात्यात अंमलदार होते, त्यामुळे बहुतेक दिवस रानात; पण घरी आले तरी खिशात बिया आणि पागोट्यात काटे असायचेच. माझ्या लग्नात पंगतीला बसले असताना पळसाच्या पत्रावळीत त्यांना एक वेगळं पान दिसलं. खात्री करायला त्यांनी पत्रावळीची कड उचलली आणि सगळं वरण शेजारच्या व्याह्यांच्या मांडीवर गेलं. व्याही ताडकन उठले. भावोजी शांतपणे म्हणाले, "कुडाच आहे हा, पळस नव्हे!" ताई तर म्हणायची, "ह्यांचं पत्र आलं की पानभर ऐनाच्या झाडांची खुशाली आणि माझी समासात."

पण खरं वेड करवंदीच्या जाळीचं. भर उन्हात हा गृहस्थ हातापायांवर रांगत काट्यांत शिरायचा आणि बाहेर नुसत्या वहाणा दिसायच्या. थोड्या वेळाने आतून आरोळी यायची, "सापडलं! या, आत या, बघा तरी!" मी धोतर सावरत बाहेरूनच म्हणायचो, "इथून दिसतंय की." काही दिसत नसे. आत मोहाचं रोप असे, एवढंच मला ठाऊक. मोठ्या मोहाखाली रोप जगत नाही. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून बाया खालचा पाचोळा जाळतात, त्यात ते जातं. उरलं तर बकऱ्या खातात. वटवाघळांनी नेऊन टाकलेलं बी काट्यांच्या आड पडलं, तरच ते वाढतं.

हे शहाणपण त्यांना फुकट मिळालं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी जामसरकडच्या एका उतारावर, काटे रोपांचा जीव घोटतात असं वाटून, त्यांनी साऱ्या जाळ्या तोडवल्या होत्या. होळीपर्यंत बकऱ्यांनी एक रोप ठेवलं नाही. मोह वेचणारी एक म्हातारी तिथे उभी होती. ती राजालाही 'तू' म्हणणारी; तिथे ह्यांची काय कथा! म्हणाली, "तू आय काढून टाकलीस नं पोरां उघडी ठेवलीस. बकऱ्या खातील नाय त काय करतील?" हे सांगताना भावोजींचा आवाज दर वेळी खाली यायचा.

पुढे एका वर्षी कोणी बडे पाहुणे शिरपामाळ पाहायला येणार होते. खालच्या उतारावरचं झुडपी रान ओंगळ दिसतं, सबब साफ करावं, असा कारभाऱ्यांचा हुकूम निघाला. त्याच जाळ्यांत भावोजींनी वर्षानुवर्षं हेरून जपलेली रोपं होती. दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. मी म्हटलं, अर्ज लिहून देतो. ते म्हणाले, "अर्जात रोप दिसत नाही." आणि ते कारभाऱ्यांनाच उतारावर घेऊन गेले. काय बोलले देव जाणे, पण जरीचं पागोटं आणि लांब अंगरखा घातलेले कारभारी माझ्या डोळ्यांदेखत जाळीत शिरले. पागोटं काट्यांना लटकून राहिलं. मग आतून कारभाऱ्यांचाच आवाज आला, "अहो, हा तर कमरेला लागतोय!" ओरबाडलेल्या नाकाने बाहेर येऊन त्यांनी पागोटं सोडवलं आणि म्हणाले, "पाहुण्यांना दुसऱ्या अंगाने आणा."

मोहाला फुलायची घाई नसते. ती झाडं फुलायच्या आत भावोजी गेले. याचं मला फार वाईट वाटतं, आणि त्याहून वाईट याचं, की ते बोलवत होते तेव्हा मी एकदाही आत गेलो नाही.

यंदा चैत्रात त्या उतारावर गेलो. मोह डोक्यावर गेले आहेत, त्यांच्या सावलीत जुन्या जाळ्या वाळून चालल्या आहेत. बाया टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. मी थोडा खाली उतरलो, एक हिरवीगार जाळी पाहिली आणि गुडघे टेकले. धोतर फाटलंच. आत गारवा होता, आणि बुंध्याशी वीतभर मोह उभा होता.

"सापडलं!" मी ओरडलो.

बाहेरून कोणी माझ्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारील, म्हणून जरा वेळ तिथेच बसून राहिलो.