मेणमामांच्या काचा

मेणमामांना वास येत नसे. मांस टिकवायच्या फॉर्मॅलिनची बरणी उघडली की आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. ते मात्र शेजारीच डबा उघडून शेंगाचटणी-भाकरी खायचे. सोलापुरातल्या जनावरांच्या प्रयोगशाळेत मी डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा ते तिथले जुने तंत्रज्ञ होते. आजारी जनावराच्या मांसाचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे आणि रंगवून काचेवर द्यायचे, हे त्यांचं काम. नखांत कायम मेण. कुणी घाई केली की म्हणायचे, "मेलेल्याला कुटं जायचंय? दमानं घ्या की."

एकदा नातेपुत्याकडून वनरक्षक मेलेला मोर घेऊन आला. डोळ्यांभोवती चामखिळींसारख्या गाठी, डोळे पार मिटलेले. गावात बर्ड फ्लूची हूल उठली होती. लोक घरच्या कोंबड्या पुरायला निघाले होते. फ्लूसाठीचा नमुना आम्ही बाहेर पाठवला. गाठीची काच मी पाहिली, काहीच सापडलं नाही. "तसंच लिहून टाकते," म्हणाले.

मामांनी काच उजेडाला धरली. "ही नुसती खपली हाय मॅडम. खपलीत काय मिळणार? गाठीच्या कडंचं घिऊ."

पुन्हा तुकडा, पुन्हा मेण, पुन्हा रंग. गावातून फोन येत राहिले. तिसऱ्या दिवशी काचेवर फुगलेल्या पेशी दिसल्या आणि त्यांत गुलाबी गोळे. पक्ष्यांच्या देवी. डासांनी पसरणारा विषाणू, माणसाला न होणारा. फ्लूचा अहवालही नकारार्थी आला. कोंबड्या वाचल्या.

मी खुशीत सांगायला गेले, तर मामांनी विचारलं, "आन बाकीचं मोर?"

"यावर औषध नाही, मामा."

"बरं," म्हणून ते पातं पुसत राहिले.

निवृत्तीनंतर वर्षभराने ते आले. गाल सुजलेला. खिशातून रुमालात गुंडाळलेली काच काढली. दवाखान्यातून मागून आणलेली, त्यांच्याच जिभेच्या तुकड्याची. "जरा बघा की."

मी जनावरांची डॉक्टर. तरी दिसायचं ते दिसलं. सूक्ष्मदर्शकावरून मला डोळे उचलता येईनात.

"कळलं," मागून आवाज आला. "चांगल्या काचंला तुमी एवढा येळ लावत न्हाय."

मला रडू आलं नाही. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडलं.

चार महिन्यांनी त्यांच्या मुलीचा फोन आला, मामा गेल्याचा. मी "हो, हो" म्हणाले. किती वाजता नेणार, हे विचारायचं राहिलं, ते फोन ठेवल्यावर लक्षात आलं. परत लावला नाही. पाच वाजेपर्यंत काम करत बसले.