खुर्चीत बसून तपासलेली वाट

सुमतीबाईंची आणि माझी पहिली भेट भाट्याजवळच्या त्यांच्या वाडीच्या वाचनालयात झाली. मी वाचायला नव्हे, फोन चार्ज करायला शिरलो होतो. कॉलेज अर्ध्यावर सोडून नाटे गावाहून निघालो होतो. जायचं होतं हेदवीला, रेंगाळलो इथेच. बाई निवृत्त शिक्षिका. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "त्यावर नकाशा उघडतो का रे? मग बस."

बाई तेव्हा एका वेबसाइटवर वाडीचा आराखडा भरत होत्या. वादळं वाढताहेत, खाडीचं पाणी कुठवर येईल, कोणाला उचलून न्यावं लागेल, कोणत्या वाटेने, हे सारं त्यात नोंदवायचं. काठावरच्या अनसूयाकाकू अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना वर शाळेत न्यायची वाट शोधण्याचं काम बाईंनी माझ्यावर सोपवलं. उपग्रहाच्या फोटोत आंब्यांमधून सरळ वाट दिसली. ती आराखड्यात हिरवी, म्हणजे 'मोकळी', केली आणि मी गळ टाकून बसलेल्यांची गंमत बघत राहिलो. चालून काही पाहिलं नाही.

बाई मात्र रंगावर विसंबणाऱ्या नव्हेत. पावसाआधी त्या स्वतः खुर्चीत बसल्या. "चला, आज मी अनसूया. उचला." चौघांनी उचललं, खुर्चीचा पुढचा डावा पाय माझ्याकडे. निम्म्या वाटेवर छातीइतका चिऱ्यांचा गडगा आडवा! झाडांखाली तो फोटोत दिसलाच नव्हता.

"आता काय, उडू?" बाई म्हणाल्या. मी सोडून सगळे हसले.

बागेचे मालक बापू, बाईंचे जुने विद्यार्थी, धावत आले. "बाई, गडगा नाय फोडणार. गुरं शिरतात."

"नको फोडूस. मी बसल्येय इथेच."

तासाभराने बापूच म्हणाले, "उन्हात कशाला, बाई? घरी चला, चहा घ्या."

"आधी वाट दे, मग चहा."

दोन दिवसांत गडग्यात आडव्या बांबूंचं बेडं बसलं. बांबू सरकवले की माणसं आत, एरवी गुरं बाहेर.

मला वाटलं, आता आपली हकालपट्टी. बाईंनी नकाशाचं काम परत माझ्यावरच सोपवलं. "चूक तुझी ना? दुरुस्तीही तूच करायची. या वेळी चालून." चुकल्यावर मला थांबवून घेणारं तोवर कोणी भेटलं नव्हतं.

त्याच पावसाळ्यात वादळ आलं, खाडी काकूंच्या ओटीवर चढली. काकू तोवर त्या बेड्यातून शाळेत पोचल्या होत्या. "सुमतीपेक्षा मी हलकी ना रे?" त्यांनी आम्हांला विचारलं.

बाई आता पंचाहत्तर वर्षांच्या होताहेत. शंभरीतही त्यांनी आमच्या वाटा स्वतःच्या पायांनी तपासाव्यात, तब्येतीने ठणठणीत राहावं. आणि कधी खुर्ची लागलीच, तर तिचा पुढचा डावा पाय माझ्यासाठी ठेवा. हेदवी अजून राहिलीच आहे; मी इथेच आहे.